चांदीच्या तारेवरून प्रकाशाचा प्रवास

(शताब्दी व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाची संहिता)



ज्या वाचनालयाच्या पायऱ्या मी शाळकरी वयात वडिलांचे बोट धरून चढलो, त्याच्या शताब्दीनिमित्त दोन शब्द बोलण्याचा मान आपण मला दिलात, याबद्दल मी आपला ऋणी आहे. या व्यासपीठावरून आजवर संतवाङ्मयावर, नाटकावर, होळकरशाहीच्या इतिहासावर थोरामोठ्यांनी व्याख्याने दिली. मी पडलो भौतिकशास्त्राचा जुना मास्तर. कार्यवाहांनी निमंत्रण देताना एकच अट घातली : "प्रकाशावर बोला, पण आमच्या सभासदांना झेपेल असे बोला." ती अट पाळण्याचा मी यथाशक्ति प्रयत्न करणार आहे. फळ्यावर एकही समीकरण येणार नाही, याची खात्री बाळगावी.

माझा विषय आहे चांदीची एक तार. आपल्या सराफ्यात चांदीची तार काही नवलाची वस्तू नाही. पण मी ज्या तारेबद्दल बोलणार आहे ती केसाच्या जाडीच्या सुमारे आठशेव्या भागाइतकी बारीक असते. ती डोळ्यांना दिसत नाही आणि तिच्यातून वीज वाहावी म्हणून ती केलेलीही नाही. तिच्यावरून प्रकाश न्यायचा असतो. हा प्रकाश कोठे न्यायचा आणि कशासाठी, हे सांगण्याकरिता मला प्रथम आपणांस कलकत्त्याला न्यावे लागेल.

१८७६ साली डॉ. महेंद्रलाल सरकार यांनी कलकत्त्यात लोकांकडून देणग्या गोळा करून विज्ञानाच्या संवर्धनासाठी एक संस्था स्थापन केली. बहूबाजार रस्त्यावर तिची इमारत होती, प्रयोगशाळा होती, उपकरणे होती. पण संशोधन करणारे फारसे कोणी नव्हते. १९०७ साली अर्थखात्यात नोकरीला लागलेला एक तरुण अधिकारी या दारात येऊन उभा राहिला आणि कचेरीच्या वेळेबाहेर येथे प्रयोग करू द्याल का, असे त्याने विचारले. संस्थेने दार उघडले. तो तरुण म्हणजे चंद्रशेखर वेंकट रामन. पुढे दहा वर्षे त्यांनी सकाळी व रात्री प्रयोगशाळा आणि दिवसा हिशेबाच्या वह्या असा क्रम चालविला. १९१७ साली ते नोकरी सोडून कलकत्ता विद्यापीठात प्राध्यापक झाले, तरी त्यांचे संशोधन याच संस्थेत चालू राहिले. २८ फेब्रुवारी १९२८ रोजी ज्या शोधाने त्यांना जगात कीर्ती मिळाली तो याच वास्तूत लागला. १९३० साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. लोकवर्गणीतून उभ्या राहिलेल्या संस्थेत हे घडले, ही गोष्ट लोकवर्गणीवरच शंभर वर्षे चाललेल्या आपल्या संस्थेत मुद्दाम सांगावीशी वाटते.

हा शोध काय होता? एखाद्या स्वच्छ द्रवावर एकाच रंगाचा प्रकाश पाडला, तर त्यातील थोडा प्रकाश सर्व दिशांना विखुरतो. बहुतेक प्रकाश ज्या रंगाचा आत गेला त्याच रंगाचा बाहेर येतो. परंतु अगदी थोडा प्रकाश किंचित वेगळ्या रंगाचा होऊन येतो. जुन्या काळी गावाच्या वेशीवर जकात घेत असत. प्रकाशकण रेणूपाशून जाताना काही वेळा अशीच जकात भरून पुढे जातो. रेणूतील अणू एकमेकांस जणू कमानींनी जोडलेले असतात व ते ठराविक तालात थरथरत असतात. ती थरथर जागी करण्यास जेवढी ऊर्जा लागते, तेवढी प्रकाशकणाजवळून वसूल होते. जकातीची रक्कम रेणूच्या घडणीवर ठरते. म्हणून बाहेर आलेल्या प्रकाशाचा रंग किती बदलला हे मोजले, की कोणत्या रेणूशी गाठ पडली ते कळते. हिऱ्याच्या वर्णपटात १३३२ या आकड्यापाशी एकच ठळक रेषा दिसते. काचेच्या खड्यात ती शोधूनही सापडत नाही. वस्तूला ओरखडा न पाडता, तिचा कण न झिजविता ती काय आहे हे सांगणारी अशी दुसरी परीक्षा क्वचितच असेल.

या परीक्षेत एक मोठी उणीव आहे. जकात भरणारे प्रकाशकण फारच थोडे. साधारणपणे एक कोटी प्रकाशकण विखुरले, तर त्यांत रंग बदललेला एखादाच असतो. रामन आणि त्यांचे सहकारी के. एस. कृष्णन यांनी प्रथम सूर्यप्रकाश आणि मग पाऱ्याचा दिवा वापरून अनेक द्रव तपासले; छायाचित्राच्या काचेवर त्या फिकट रेषा उमटण्यास तासन् तास लागत. १९६० साली लेसरचा शोध लागल्यावर काम पुष्कळ सोपे झाले. पण लेसरने पाडलेला प्रकाश वाढतो, विखुरलेल्या प्रकाशातील ते कोटीस एक हे प्रमाण काही बदलत नाही.

दुसरी अडचण त्याहून जुनी आहे. १८७३ साली जर्मनीत येना येथे अर्न्स्ट आबे यांनी दाखवून दिले, की भिंगाने प्रकाश कितीही एकवटला तरी त्याचा ठिपका तरंगलांबीच्या सुमारे निम्म्याहून लहान होत नाही. जाड कुंचल्याने पोथीतील बारीक अक्षर लिहिता येत नाही, तसेच हे आहे. हिरव्या प्रकाशाचा कुंचला सुमारे दोनशे ते अडीचशे नॅनोमीटर जाड असतो. एक नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग. आता कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्यांचा विचार करा. त्यांची जाडी एक-दोन नॅनोमीटर असते. प्रकाशाच्या एका ठिपक्यात अशा शंभर नळ्या शेजारी शेजारी मावतील. त्यांच्यापैकी कोणती अखंड आहे आणि कोणत्या नळीत दोष आहे, हे त्या ठिपक्यातून येणाऱ्या सरमिसळ प्रकाशावरून कसे ओळखायचे?

सारांश, रामन परिणाम बोलतो खरे, पण हळू बोलतो आणि सर्वांचे एकदम ऐकवितो. त्याचा आवाज वाढविणे आणि एकेकट्याचे बोलणे वेगळे ऐकणे, अशी ही दोन कामे होती.

पहिल्या कामात चांदी मदतीला आली, आणि तीही काहीशी अनपेक्षितपणे. १९७४ साली इंग्लंडमध्ये साउदॅम्प्टन येथे मार्टिन फ्लाइशमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चांदीचा पृष्ठभाग विजेच्या साहाय्याने खरखरीत केला व त्यावर बसलेल्या पिरिडिन या द्रव्याचा रामन वर्णपट घेतला. तो आश्चर्य वाटावे इतका ठळक आला. खरखरीतपणामुळे पृष्ठफळ वाढले, अधिक रेणू चिकटले, म्हणून असे झाले असावे, असा त्यांचा समज झाला. १९७७ साली अमेरिकेत जीनमेअर व व्हॅन डाइन यांनी आणि इंग्लंडमध्ये अल्ब्रेख्ट व क्राइटन यांनी हिशेब मांडला तेव्हा तो समज टिकला नाही. पृष्ठफळ थोडेच वाढले होते. रामन प्रकाश मात्र लाखाच्या घरात गुणला गेला होता.

याचे मुख्य कारण चांदीतील इलेक्ट्रॉन. धातूमधील इलेक्ट्रॉन मोकळे असतात. घंगाळातील पाणी हिंदकळावे तसे ते हिंदकळू शकतात. प्रकाश ही विद्युत्क्षेत्राचीच लाट. तिचा ताल आणि या हिंदकळण्याचा ताल जुळला, की सतारीच्या तरफेच्या तारा न छेडताच झंकारतात तसे इलेक्ट्रॉन जोराने झुलू लागतात. या सामुदायिक झुलण्याला प्लाझ्मॉन असे नाव आहे. धातूला जेथे टोक किंवा फट असेल तेथे विद्युत्क्षेत्र विलक्षण एकवटते. तेथे बसलेल्या रेणूवर पडणारे क्षेत्र तीव्र होते, आणि त्याने दिलेले उत्तरही तेच टोक मोठे करून बाहेर फेकते. त्यामुळे क्षेत्र दहापट झाले तर रामन प्रकाश सुमारे दहा हजार पट होतो. रामन यांनी प्रकाशाकडे वळण्यापूर्वी तबला, मृदंग आणि व्हायोलिन यांच्या नादावर संशोधन केले होते. सहकंपनाचा हा खेळ त्यांना परका वाटला नसता.

आता दुसरे काम : एकेकट्याचे बोलणे ऐकणे. येथे मला एका विस्मृत माणसाची ओळख करून द्यायची आहे.

रामन यांचा शोध लागला त्याच १९२८ साली, दोनएक महिन्यांनी, डब्लिन येथील एडवर्ड हचिन्सन सिंज या गृहस्थाने अल्बर्ट आइन्स्टाइन यांना एक पत्र लिहिले. हा सिंज नाटककार जॉन मिलिंग्टन सिंज यांचा पुतण्या. विद्यापीठाची पदवी त्याने घेतली नव्हती, प्रयोगशाळाही त्याच्याजवळ नव्हती. त्याची कल्पना अशी, की सोन्याचा एक अतिसूक्ष्म कण प्रकाशित करावा आणि तो वस्तूच्या अगदी जवळ धरून दिव्यासारखा वापरावा. दिवाच जर लहान असेल आणि वस्तूला जवळजवळ टेकलेला असेल, तर आबे यांची मर्यादा आड येणार नाही; कारण ती दूरवरून भिंगाने पाहणाऱ्याला लागू पडते. आइन्स्टाइन यांनी उत्तर पाठविले. मूळ कल्पना बरोबर आहे, पण कणाऐवजी अपारदर्शक पडद्यातील बारीक छिद्रातून येणारा प्रकाश वापरावा, असा त्यांचा सल्ला होता. सिंजने तो छिद्राचा लेख त्याच वर्षी इंग्लंडमधील 'फिलॉसॉफिकल मॅगझिन' या नियतकालिकात प्रसिद्ध केला. पुढे १९३२ साली त्याने आणखी एक लेख लिहून, वस्तू कणाकणाने सरकविण्यासाठी विजेने आकुंचन-प्रसरण पावणारे स्फटिक वापरावेत असे सुचविले.

त्यानंतर सारे शांत झाले. १९३६ साली सिंजला मानसिक आजारामुळे रुग्णालयात ठेवावे लागले आणि १९५७ साली त्याचा मृत्यू झाला. त्याचे लेख ग्रंथालयांच्या फळ्यांवर बांधीव खंडांत पडून राहिले. १९७२ साली लंडनमध्ये ॲश आणि निकल्स यांनी सूक्ष्मलहरी वापरून, आणि १९८४ साली झुरिकजवळ डीटर पोल यांच्या गटाने दृश्य प्रकाश वापरून, छिद्राची तीच कल्पना सिंजच्या लेखांचा आधार न घेता नव्याने सिद्ध केली. त्याच झुरिकमध्ये १९८१ साली बिनिग आणि रोहरर यांनी सुईच्या टोकाने पृष्ठभाग चाचपून अणूंची चित्रे काढणारे उपकरण बनविले होते. सुई हलविण्यासाठी त्यात सिंजने सुचविले होते तसल्याच स्फटिकद्रव्यांचा उपयोग झाला. १९९०च्या सुमारास इतिहास धुंडाळणाऱ्यांना सिंजचे लेख सापडले तेव्हा कळले, की हा माणूस बरेचसे आधीच लिहून गेला आहे.

२००० साली तर त्याची सोन्याच्या कणाची मूळ कल्पनाही एका रूपाने प्रत्यक्षात आली. झुरिक, ओसाका आणि अन्य ठिकाणच्या शास्त्रज्ञांनी चाचपणाऱ्या सुईवर सोने किंवा चांदी चढविली, तिच्या टोकावर लेसर सोडला आणि टोकाखाली असलेल्या मोजक्या रेणूंचा रामन प्रकाश मिळविला. सुई ओळीओळीने फिरवीत गेले, की रेणूंचा नकाशा तयार होतो. ही पद्धत इतकी पुढे गेली, की २०१३ साली चीनमधील हफे येथे एकाच रेणूच्या अंतर्भागाचे रामन चित्र काढण्यात आले. आवाजही वाढला आणि एकेकट्याचे बोलणेही ऐकू आले. मग चांदीच्या तारेची गरज काय, असे आपण विचाराल.

गरज आहे ती अशी. सुईचे कामाचे टोक दहा-वीस नॅनोमीटरांचे. पण त्यावर प्रकाश सोडायचा तो भिंगातून, आणि भिंगाचा ठिपका चांगला अर्धा मायक्रोमीटर, म्हणजे पाचशे नॅनोमीटरांचा. दहा नॅनोमीटरांचे टोक धरले तर ठिपक्याचे क्षेत्रफळ टोकाच्या अडीच हजार पट भरते. बहुतेक प्रकाश टोकाला चुकवून भोवतालच्या भागावर पडतो. तेथील रेणूही बोलू लागतात आणि त्यांचा गलका टोकाखालच्या रेणूच्या आवाजात मिसळतो. शिवाय नाजूक नमुना तापतो, कधी करपतो. पेट्रोमॅक्सची बत्ती घेऊन काजवा शोधण्यासारखाच हा प्रकार. सुई जराशी हलली की भिंग पुन्हा जुळवावे लागते, तो ताप वेगळाच. तेव्हा खरा प्रश्न असा, की प्रकाश दूर कोठेतरी चढवावा, अंधारातूनच वाहून न्यावा आणि नेमका टोकापाशी उतरवावा, असे काही करता येईल काय?

यासाठी काचेचा तंतू पुरेसा नाही. काचेच्या तंतूतून दूरध्वनीचे संदेश हजारो कोस जातात, पण तो तरंगलांबीहून फार बारीक केला तर प्रकाश त्यात कोंडून राहत नाही, बाहेर पसरतो. धातूच्या तारेची रीत निराळी आहे. येथे प्रकाश तारेच्या पोटातून जात नाही; तो पृष्ठभागावरील इलेक्ट्रॉनांच्या लाटेशी जखडला जातो आणि त्या लाटेबरोबर तारेला बिलगून सरकतो. ही लाट तरंगलांबीच्या कितीतरी पटींनी बारीक असलेल्या तारेवरूनही जाऊ शकते. तार टोकाकडे निमुळती होत गेली तर लाट हळूहळू मंदावते, आवळत जाते आणि टोकाशी येऊन साचते. ही गोष्ट मार्क स्टॉकमन यांनी २००४ साली गणिताने दाखविली.

अशी तार करतात कशी? आपल्याकडे महेश्वरी साडीच्या काठाला जर लागते. तिच्यासाठी कारागीर चांदीची तार पट्टीतील लहान लहान होत जाणाऱ्या छिद्रांतून ओढून बारीक करीत. शंभर नॅनोमीटरांची तार अशी ओढता येत नाही. ती वाढवावी लागते. २००२ साली अमेरिकेत यूनान शिया यांच्या गटाने जी कृती दिली ती एखाद्या पाककृतीसारखी आहे. मोटारीच्या शीतकात वापरतात ते ग्लायकॉल सुमारे १६० अंशांपर्यंत तापवायचे, त्यात सिल्व्हर नायट्रेट आणि एक चिकट बहुवारिक द्रव्य हळूहळू सोडायचे. ग्लायकॉलमुळे चांदीचे अणू मोकळे होऊन एकत्र येऊ लागतात. चिकट द्रव्य वाढत्या स्फटिकाच्या बाजू झाकून टाकते. मग नवे अणू केवळ दोन टोकांना बसत जातात. अशा रीतीने पंचकोनी छेदाची, गुळगुळीत, काही मायक्रोमीटर ते काही दशक मायक्रोमीटर लांब अशी स्फटिकमय तार उगवते.

निवृत्तीनंतर माझ्या तरुण मित्रांनी एका प्रयोगशाळेत मला ही तार सूक्ष्मदर्शकाखाली दाखविली. खोलीत अंधार होता. तारेच्या एका टोकावर तांबडा लेसर सोडला. ते टोक उजळले यात नवल नव्हते. पण त्याच क्षणी दुसऱ्या बाजूस, काळ्याभोर जागेत, दुसरे टोक ठिणगीसारखे चमकले. मधली तार मात्र काळीच राहिली. जन्मभर प्रकाश शिकविला, तरी त्या ठिणगीकडे पाहताना मी काही वेळ बोललो नाही.

मधली तार अंधारी का राहते? या लाटेचा संवेग त्याच रंगाच्या मोकळ्या प्रकाशापेक्षा अधिक असतो. त्यामुळे गुळगुळीत भागावर प्रकाश चढतही नाही आणि तेथून उतरतही नाही; धावत्या आगगाडीत मधूनच चढता-उतरता येत नाही, तसे. स्थानके दोनच : टोक, किंवा जेथे वळण अथवा शेजारी एखादा कण आहे अशी जागा. आम्हांला हवे होते ते नेमके हेच.

या प्रवासाची किंमत मोजावी लागते. इलेक्ट्रॉन चालताना चांदीतच ऊर्जा सांडतात. ऑस्ट्रियातील ग्राझ येथे २००५ साली झालेल्या मोजमापांत आढळले, की चांगल्या स्फटिकमय तारेवर सुमारे दहा मायक्रोमीटर अंतर गेल्यावर प्रकाशाची तीव्रता साधारण एक तृतीयांशावर येते. म्हणजे ही तार दूरची वाट नव्हे. मोठा रस्ता जेथे संपतो तेथून घराच्या उंबऱ्यापर्यंत नेणारी ती पायवाट आहे.

२००९ साली बेल्जममधील लव्हेन आणि चीनमधील बीजिंग येथील दोन गटांनी या पायवाटेचा रामन परिणामासाठी उपयोग करून दाखविला. लेसर तारेच्या एका टोकावर सोडला आणि काही मायक्रोमीटर दूर, तारेजवळ बसलेल्या चांदीच्या कणापाशी असलेल्या रेणूंचा वर्णपट मिळविला. लेसर त्या रेणूंवर थेट पडलाच नव्हता. २०१४ साली लव्हेनच्या संशोधकांनी अशी तार जिवंत पेशीत खुपसून, लेसर पेशीच्या बाहेर ठेवून, आतील रामन प्रकाश टिपला. ज्या पेशीचा अभ्यास करायचा तिला प्रखर प्रकाशाने भाजून काढायचे नाही, ही गोष्ट जीवशास्त्रात किती मोलाची आहे ते येथील डॉक्टर मंडळी जाणतील.

२०१९ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या रिव्हरसाइड येथील रुओशुए यान आणि मिंग लिउ यांच्या गटाने भिंगच काढून टाकले. त्यांनी काचेचा तंतू टोकाशी निमुळता केला आणि त्याला अणकुचीदार टोकाची चांदीची तार चिकटविली. एकाच आडव्या दोरीला दोन लंबक टांगले आणि एकाला झोका दिला, तर तो झोका हळूहळू दुसऱ्याकडे जातो, हे आपण शाळेत पाहिले असेल. काचेतील लाट चांदीवर तशीच अलगद उतरते आणि मग तारेच्या निमुळत्या टोकाशी एकवटते. तंतूत घातलेल्या प्रकाशापैकी जवळजवळ निम्मा टोकापर्यंत पोचला, आणि तोही दृश्य प्रकाशाच्या बहुतेक सर्व रंगांसाठी. भिंगाच्या पद्धतीत फारच थोडा अंश टोकाच्या वाट्याला येतो, हे आठवले म्हणजे निम्म्याचे महत्त्व कळेल. ही तार सुई म्हणून वापरून त्यांनी एका साध्या, हलविता येण्याजोग्या यंत्रावर कार्बन नळ्यांची एक नॅनोमीटरपर्यंत बारकावा दाखविणारी चित्रे घेतली.

या कामाचा फार डांगोरा पिटावा असे मला वाटत नाही. चांदी काळवंडते, हे घरातील पूजेची भांडी घासणाऱ्या प्रत्येक गृहिणीला ठाऊक आहे. हवेतील गंधक या तारेलाही सोडत नाही. टोक झिजते, मोडते. दोन तारा अगदी सारख्या निघतीलच असे नाही. उद्या गावोगावच्या दवाखान्यात अशी यंत्रे बसतील, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. पण प्रखर दिवा लावण्यापेक्षा योग्य जागी थोडा प्रकाश पोचविणे अधिक फलदायी ठरते, हे या तारेने सिद्ध केले आहे. आपल्या देशातही हे काम चालते. पुण्याच्या भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थेत चांदीच्या अशाच तारांवर आणि त्यांच्यावरून जाणाऱ्या प्रकाशावर संशोधन झाले आहे. आपल्या इंदुरात तर १९८४ पासून लेसरचे राष्ट्रीय केंद्र आहे. त्यामुळे हा विषय आपल्या गावालाही परका नाही.

आता, समारोपापूर्वी, एक घरचा विषय.

वार्षिक सभेत जागेच्या टंचाईची चर्चा झाली. गेल्या दहा वर्षांत एकदाही घरी न गेलेली पुस्तके आणि जुन्या नियतकालिकांचे खंड निकालात काढावेत, असा एक विचार मांडला गेला. अडचण खरी आहे. छत गळते, कपाटे अपुरी आहेत, वर्गणीत खर्च भागत नाही, हे मला माहीत आहे. कार्यकारी मंडळाला दोष देण्याचा माझा हेतू नाही, कारण या बाबतीत माझाच हात स्वच्छ नाही. नोकरीत असताना माझ्या संस्थेतील जुन्या नियतकालिकांचे गठ्ठे रद्दीत देण्याच्या कागदावर मी सही केली होती. त्यांत काय होते ते मी उघडूनही पाहिले नाही. पुढे सिंजची कथा वाचली तेव्हा पहिली आठवण झाली ती त्या सहीची. जगात त्या खंडांच्या अन्य प्रती असतीलच, असे मी स्वतःला समजावतो. पण आपल्या गावातील एखाद्या मुलाच्या हाताला त्या लागणार नाहीत, एवढे निश्चित.

सिंजचा लेख साठ वर्षे कोणी फारसा वाचला नाही. 'दहा वर्षांत एकदाही न गेलेली' या कसोटीवर तो सहा वेळा निकालात निघाला असता. कोठल्या तरी ग्रंथपालाने तो खंड फळीवर राहू दिला, म्हणूनच त्या दुर्दैवी माणसाला त्याचे श्रेय मिळाले. रामन यांनी आपल्या जडणघडणीचे श्रेय ज्या तीन पुस्तकांना दिले त्यांत एक बुद्धचरित्रावरील काव्य होते, एक युक्लिडची भूमिती आणि एक हेल्महोल्ट्झ यांचा नादावरील ग्रंथ. त्यांपैकी कोणते पुस्तक दहा वर्षांत किती वेळा घरी जाईल, हे कोणी सांगावे?

सर्वच्या सर्व ठेवा, असे मी म्हणत नाही. वाळवी लागलेले, पाने विरलेले पुस्तक कोणी किती सांभाळणार? माझी विनंती इतकीच आहे, की यादी केवळ नोंदवहीवरून करू नये. निकालात काढावयाचे प्रत्येक पुस्तक कोणीतरी जाणत्या सभासदाने हातात घेऊन उघडून पाहावे आणि मगच ठरवावे. विज्ञानाच्या कपाटापुरते हे काम मी स्वतः करीन. पुढील महिन्यापासून दर रविवारी सकाळी मी येथे येऊन बसेन. सोबतीला दोन-चार तरुण सभासद मिळाले तर काम लवकर उरकेल, आणि त्यांनाही त्या धुळीत काही सापडेल.